भिंतीत मिटणारा पलंग

कारखान्यात तिला सगळे स्प्रिंगबाई म्हणत. आधी टिंगल म्हणून, मग सवयीनं आणि पुढे आदरानं. नवी खुर्ची जोडून झाली की म्हातारा वेल्डर ती तिच्या टेबलापाशी आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या बाई, लेकीला सासरी पाठवायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घाला." स्प्रिंगबाई खुर्चीत बसायची नाही. आधी खुर्ची उलटी करायची, पट्ट्या कुठे कुठे एकमेकींना घासतात ते बोटानं चाचपायची, मग तरफ ओढून पाठ कलवून बघायची. परक्याच्या घरी गेली तरी तेच. नवऱ्याच्या मावशीकडे पहिल्यांदा चहाला गेली, तेव्हा यजमानांची आरामखुर्ची तिनं पाहुण्यांदेखत आडवी पाडली होती. मावशी अजूनही ते ऐकवायची.

हे वडिलांकडून आलेलं. वडील सलूनच्या खुर्च्या दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाची मान मागे टेकलेली, गळ्यावर वस्तरा, आणि त्याच वेळी खुर्चीची पाठ अडवून धरणारा दात घसरला तर? लहानपणी ते तिला एवढंच विचारायचे. "बसलेला माणूस पळू शकतो," म्हणायचे, "आडवा झालेला माणूस आपल्या हवाली असतो."

ती शिकली, रेखाटनं करू लागली आणि मागे कलणाऱ्या खुर्च्या, घडीचे पलंग बनवणाऱ्या कारखान्यात लागली. लग्न बस चालवणाऱ्याशी झालं. घर दोन खोल्यांचं, त्यात सासरे. त्यांचा जन्म पोस्टात टपाल लावण्यात गेलेला, बोलणं मात्र असं की समोरचा हसून बेजार व्हावा. बाहेरच्या खोलीतच जेवण, तिथेच पाहुणे आणि तिथेच सासऱ्यांचं अंथरूण. पाय ठेवायला जागा नसायची. म्हणून तिनं त्यांच्यासाठी एक पलंग बनवला.

पलंग लांबीकडून भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेला. रात्री खाली यायचा, सकाळी पुस्तकाच्या पानासारखा वर जाऊन भिंतीला चिकटायचा. दोन्ही टोकांना जाड स्प्रिंगा. पलंगाचं आणि गादीचं वजन त्यांनी असं पेलून धरलेलं की एका बोटानं तो उचलता यावा. आवाज तर अजिबात नाही. आवाज घालवायलाच तिनं सगळ्यात जास्त खटपट केली होती, कारण सासऱ्यांची झोप सावध होती.

सासऱ्यांनी पलंगाचं नाव सरकार ठेवलं. "काय, सरकार खाली आले का? मग आम्ही त्यांच्या अंगावर झोपतो," असं रोज म्हणायचे.

कारखान्याच्या मालकाच्या कानावर गेलं. तो घरी आला, एका बोटानं पलंग वर-खाली करून बघितला आणि लहान मुलासारखा हसला. "बाई, हे आपण विकायचं."

विकायच्या पलंगाला तिनं पुढच्या कडेला एक खटका लावला होता. पलंग खाली आला की तो आपोआप अडकायचा आणि पायानं दाबल्याशिवाय सुटायचा नाही. दुकानात बायका पलंग उचलून बघायच्या आणि तो हलायचा नाही. दुकानदारांनी कुरकुर केली. मालक म्हणाला, "एका बोटाची जादू दाखवायची आणि वर लाथ मारायला सांगायचं? काढा तो."

"गादी जड असेल तर खटक्याशिवाय चालेल," ती म्हणाली. "पण कुणी गादी बदलली तर?"

"मग चिठ्ठी चिकटवू. गादी बदलू नये."

चिठ्ठी चौकटीच्या आतल्या अंगाला चिकटवली गेली, जिथे कुणाची नजर जात नाही. तिला ते पटलं नव्हतं. पण कापसाची भरगच्च गादी घातली की पलंग आपणहून जागचा हलायचा नाही, हेही तिनं स्वतः पाहिलं होतं. ती गप्प राहिली. पलंग हातोहात खपू लागले.

पुढे सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरभर बोलणारा माणूस मुका झाला आणि घराला सुतक आल्यासारखं वाटू लागलं. पडून पडून पाठीला जखमा होऊ लागल्या, तेव्हा नर्सनं सांगितलं, "कापसाची गादी काढा. हवेची आणा." नवऱ्यानं ती त्याच दिवशी आणली. जड गादी गुंडाळून माळ्यावर गेली. स्प्रिंगबाईनंच ती उचलायला हात लावला. तेव्हा तिच्या मनात फक्त जखमा होत्या.

महिना गेला असेल. सासरे पलंगावर जायला नाखूश दिसू लागले. खुर्चीतून उचलायला गेलं की डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरायचे. पलंगावर निजवलं की तोच हात उचलून बोट वर दाखवायचे. वर, वर. डोळे मोठे करून.

"वर जायचं म्हणतायत," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. मग जवळ बसून बापाचा हात हातात घेतला. "असं काय करता बाबा? इतक्यात बोलावणं नाही यायचं तुम्हाला."

सासऱ्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा बोट वर केलं. डोळ्यांतून पाणी आलं. नवराही रडला. शेजारची काकू म्हणाली, "त्यांना कळलंय हो. माणसाला आधी कळतं." त्या दिवसापासून घरात सगळे हळू बोलू लागले. सासऱ्यांनी खाणं कमी केलं. अंगावर मांस राहिलं नाही, त्यांना कुशीवर वळवणं उशी वळवण्याइतकं सोपं झालं. जखमेवर भार येऊ नये म्हणून नर्सच्या सांगण्यावरून त्यांना भिंतीकडे सरकवून, भिंतीकडे तोंड करून निजवायचे.

एकदा सासरे निजलेले असतानाच ती चादर सारखी करत होती, तेव्हा पलंगाच्या पुढच्या पायाखाली बोटभर फट दिसली. फरशी उंचसखल आहे, असं तिला वाटलं. तिनं हातानं कड दाबली, पाय टेकला. नंतर कितीतरी वर्षं हा क्षण तिच्या डोळ्यांसमोर यायचा.

एका दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि ती लवकर घरी आली. काकू सासऱ्यांना भरवून नुकतीच आपल्या घरी गेली होती. दार उघडून ती आत गेली आणि उंबऱ्यातच थिजली.

पलंग अर्धा मिटला होता. अर्धवट लावलेल्या झाकणासारखा, हवेत थांबलेला. पांघरूण घसरून भिंतीच्या फटीत गोळा झालं होतं. सासरे दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त एक हात, वरच्या कडेवरून बाहेर आलेला, कड मुठीत धरून खाली ओढणारा. बोटं पांढरीफटक पडली होती. सगळं घर शांत. कुठे करकर नाही, काही नाही.

ती धावली आणि कडेवर अंग टाकलं. अंग टाकायची गरजच नव्हती. पलंग तिच्या स्पर्शासरशी खाली आला, लोण्यातून सुरी जावी तसा. तिनं त्याला जसं शिकवलं होतं, तसाच तो वागत होता.

सासरे जिवंत होते. ओठ निळे, श्वास तुटक. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोट वर केलं.

"कळलं बाबा," ती म्हणाली. "आता कळलं हो." आणि ती त्यांच्या उशाशी डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा सासरे आतल्या खोलीत जमिनीवर निजले होते आणि स्प्रिंगबाई पान्हा घेऊन पलंगाच्या स्प्रिंगा सोडवत होती. तिनं सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "असे पलंग किती घरांत आहेत?"

दुसऱ्या दिवशी ती मालकासमोर उभी राहिली. गादी हलकी झाली, माणूस हाडकुळा असला आणि भिंतीलगत निजला, तर त्याचा भार बिजागरीपाशीच पडतो. तो भार पलंगाला खाली धरायला पुरत नाही. मग स्प्रिंगा पलंग उचलतात, माणसासकट. हे तिनं कागदावर काढून दाखवलं.

मालकानं कागद बाजूला सारला. "आजवर एक तक्रार नाही आली."

"तक्रार करणारा भिंतीत असेल, साहेब."

मालकाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. म्हणाला, "खटके लावून या. पण गुपचूप. मोफत तपासणी म्हणून सांगा. कारण सांगायचं नाही."

ती आणि वेल्डर खटक्यांची पेटी घेऊन घरोघर फिरू लागले. वेल्डर जिना चढताना कण्हायचा, लोकांशी थट्टा करायचा, आणि ती गुडघ्यांवर बसून भोकं पाडायची. पलंग उघडताना दर वेळी ती आधी फटीत डोकावायची. आत नुसती दुमडलेली चादर दिसली की मगच पुढे व्हायची. काही घरांत पातळ फोम होता, एका घरी तर नुसती सतरंजी. "आपोआप वर जातो हो, भारी सोय आहे," तिथली बाई कौतुकानं म्हणाली. वेल्डरची थट्टा त्या घरापासून बंद झाली.

मग ते एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आले. दार घरातल्या सुनेनं उघडलं. तिचा नवरा खिडकीपाशी पाठ करून बसला होता, वळलाही नाही. पलंग मिटलेला होता आणि त्याच्यासमोर जेवणाचं टेबल असं दाबून लावलेलं की तो उघडूच नये.

"आम्ही तो वापरत नाही," सून म्हणाली. "काढून न्या हवा तर."

"कोण झोपायचं यावर?"

"आमच्या सासूबाई. गेल्या."

स्प्रिंगबाईनं पान्हा खाली ठेवला. "कशा गेल्या?"

"हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले." सुनेनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "दुपारच्या निजल्या होत्या."

"पलंग तेव्हा खाली होता?"

खिडकीपाशी बसलेला माणूस न वळता म्हणाला, "विचारा ना तिलाच. ती घरात होती."

सुनेचा आवाज फुटला. "मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. परत आले तर पलंग मिटलेला. मला वाटलं, उठल्या आणि घडी करून खाली गप्पा मारायला गेल्या. हे आले, आम्ही चहा घेतला. इथेच. या टेबलाशी. संध्याकाळी अंथरूण घालायला पलंग उघडला... मी नाही हो मिटला तो. मी शपथेवर सांगते. पण यांना वाटतं, मी न बघता घाईत..."

"गादी कुठली होती?" स्प्रिंगबाईनं विचारलं.

"फोमची. जुनी उचलवत नव्हती त्यांना."

वेल्डरनं तिचा दंड धरला आणि पुटपुटला, "बाई, चला. कारण सांगायचं नाही म्हणालेत." तिनं हात सोडवून घेतला. टेबल ओढून बाजूला केलं, पलंग खाली घेतला, आणि हात काढून घेतला. त्या दोघांच्या डोळ्यांदेखत रिकामा पलंग फरशीवरून सुटला, सावकाश वर गेला आणि भिंतीत मिटला. काहीही आवाज न करता.

"हा मी बनवलाय," ती म्हणाली. "तुमच्या बायकोनं मिटला नाही. कुणीच मिटला नाही."

सून खाली बसली. "म्हणजे मी नव्हते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचा नवरा तेव्हा कुठे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बायकोकडे बघायला त्याला नजरच सापडत नव्हती. वेल्डर जिन्यात जाऊन बसला.

त्यानंतर व्हायचं ते झालं. चौकशी लागली. मालक म्हणाला, खटका काढायला बाईनं संमती दिली होती. ते खरंच होतं, आणि तिनंही तसंच सांगितलं. मालक काय म्हणाला होता तेही सांगितलं. पलंग घराघरांतून परत आले, कारखान्याच्या अंगणात त्यांच्या चौकटींचा ढीग पडला. कारखाना चालू राहिला, तिची नोकरी गेली. सासरे दोन हिवाळे जगले, जमिनीवरच्या गादीवर. तिला पुढे एका दवाखान्यात खाटा आणि चाकाच्या खुर्च्या तपासायचं काम मिळालं. तिथे तिला कुणी स्प्रिंगबाई म्हणत नव्हतं.

खूप दिवसांनी एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सासूबाईंच्या मुलाचा फोन आला. घर बदललं, म्हणाला. बायको बरी आहे, आता बोलते त्याच्याशी. मग घुटमळला.

"तुमच्या सासऱ्यांचं त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं चौकशीत. म्हणून विचारतो. माझी आई... झोपेतच गेली असेल ना? तिला कळलं नसेल?"

काहीतरी गोड बोलून त्याला मोकळं करावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. पण त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यातून कुणीतरी रिकामी खाट ढकलत नेत होतं, ती भिंतीकडे सरकून खाटेला वाट देत उभी राहिली, फोन कानाला तसाच धरून.