शुक्रवारचा सिनेमा आणि मामेबहिणी

शुक्रवारी दुपारी आमच्या आखातातल्या, फरवानियाच्या फ्लॅटमध्ये ओळखीची मराठी माणसं जेवायला जमतात, मग टीव्हीवर सिनेमा. सिनेमा दोन तासांचा, त्यावरची मतं आठवडाभर पुरतात! एसीच्या जाळीत धूळ साठावी तसे किस्से साठलेत माझ्याकडे. पण परवाच्या एका सिनेमाने तर कहर केला.

*

आणला नीलेशने. इथेच मिरकाबला ऑफिसात असतो. माझ्या नातीचं, सायलीचं, त्याच्याशी ठरलेलं. ईदच्या सुट्टीत साखरपुडा. स्थळ आलं तेव्हा मी पहिलं विचारलं होतं, "मामा कुठले?" त्याची आई एकुलती एक, म्हणून विषय तिथेच मिटला. बाकी पोरगा गोड!

"लंडनचा जुना क्लासिक आहे, आजी," म्हणाला आणि आपला फोनच टीव्हीला जोडला.

*

मला इंग्रजी कळत नाही. मुलगा सुधीर शेजारी बसून सांगतो. हिरोने एका बाईला गच्च मिठी मारली. आईला खरं कसं सांगणार? म्हणाला, "मामेबहीण आहे त्याची."

मामाची मुलगी आपल्यात चालते. म्हटलं, असेल. मग दुसरी आली. "हीपण मामेबहीण." तिसरीला तर नवरा होता!

"अरे मेल्या, याला मामा आहेत तरी किती?"

*

चहाला सिनेमा थांबवला. कारखानीस भाऊजी मत द्यायला उभेच राहतात. "समाजाला दाखवलेला आरसा आहे हा!"

कारखानीस वहिनी म्हणाल्या, "मग मघापासून कोणाला बघून हसताय?"

भाऊजी खाली बसले.

*

रत्नागिरीच्या हमीदाभाभी तोंडाला पदर लावून बघत होत्या. "याची आय कुठं हाय? कान धरायला घरात कोणीच नाय?"

*

नीलेश मात्र हिरोच्या बाजूने! "त्याने लग्नाचं वचन कुणालाच दिलं नव्हतं. मग फसवलं कुठे?"

मी तर गारच पडले. सायली इथेच जन्मलेली, उत्तर कायम इंग्रजीत. एवढंच म्हणाली, "रिअली?"

*

सिनेमा पुन्हा सुरू झाला. पडद्यावर एक बाई ओट्याशी रडत होती, आणि तिच्या डोक्यावर टप्पकन मेसेज उमटला. नीलेशच्या फोनवरचा! अक्षरं इंग्रजी, पण शेजारी बाईचा फोटो, आणि लाल बदाम मलाही ओळखता येतो. मग अजून एक बदाम. नीलेश उशा उपसून फोन शोधतोय, सापडतोय कुठला!

"काय लिहिलंय रे?" मी विचारलं.

सुधीरची जीभ सवयीने वळली. "काही नाही आई, मामेबहीण आहे त्याची."

सायली उठून उभी राहिली. स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आजी, याला मामाच नाहीये!"