दुखत नाही म्हणजे बरं

माणसाचं अवघं शरीर त्याच्या तळव्यांत सामावलेलं असतं. हे सत्य तळवेकाकांना बोर्डीच्या एका शिबिरात शनिवारी सकाळी समजलं आणि रविवारी संध्याकाळी त्याचं प्रमाणपत्रही मिळालं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, निवृत्त चित्रकला शिक्षक. चिकूच्या वाडीतल्या घराच्या पडवीत त्यांनी रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळव्यावरचे अवयवांचे बिंदू दाबून उपचार, सुरू केली आणि भिंतीवर पायांचा रंगीत तक्ता लावला. तो त्यांनीच काढला होता, त्यामुळे यकृत फार देखणं आलं होतं. या विद्येचा उगम ते इजिप्तच्या थडग्यापासून सांगत. तिथल्या भिंतीवर पाय दाबून घेणाऱ्या माणसाचं चित्र आहे म्हणे. तो माणूस पुढे बरा झाला का, असं मी विचारलं की म्हणायचे, "तू पुस्तकं फार वाचतेस. जरा पाय वाच."

हात मात्र चांगला होता, खोटं कशाला बोलू. कोमट खोबरेल, अंगठ्याचा संथ दाब. पेपर तपासून शिणलेली मी तिथंच घोरायला लागायचे. यानं शीण जातो, झोप लागते, एवढंच ते म्हणाले असते तर मी डहाणूभर त्यांची जाहिरात केली असती. पण नुसती झोप देण्यात त्यांना मोठेपणा वाटत नव्हता. त्यांना मूत्रपिंडं दुरुस्त करायची होती.

त्यांचा नियम एकच. बिंदू दाबल्यावर दुखलं तर तो अवयव बिघडलेला, नाही दुखलं तर ठणठणीत. एकदा तलासरीकडची एक बाई आली, जन्मभर अनवाणी भातशेतीत राबलेली. काकांनी लाकडी काडीनं तिचा घट्टे पडलेला तळवा सगळा दाबला. ती ढिम्म. काकांनी जाहीर केलं, प्रकृती उत्तम आहे.

"मग खोकतंय कोण, गुरुजी?"

पडवी हसली. काका हसले नाहीत, आणि नियमही बदलला नाही.

काकींना मधुमेह होता, जुना. काका रोज त्यांच्या स्वादुपिंडाचा बिंदू दाबत. आधी त्या कळवळायच्या, मग हळूहळू दुखेनासं झालं. काकांनी पेढे वाटले, एक काकींनाही दिला, आणि त्यांच्या गोळ्या बंद केल्या.

एका रविवारी मी गेले तर घरात वास येत होता. काडीनं तळव्याला जखम झाली होती, ती आतून सडली होती, आणि काकींना पत्ता नव्हता. साखरेनं नसा मेल्यात, पाय बधिर झालाय, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी काकांना नको नको ते बोलले. वय पाहिलं नाही, नातं पाहिलं नाही. ते एवढंच म्हणत राहिले, "पण तिला दुखत नव्हतं गं."

मग मी काकींवर घसरले. गोळ्या बंद करू कशा दिल्या?

"लग्न झाल्यापासून ह्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलं," काकी म्हणाल्या. "नको कसं म्हणू?"

राग काकांवर धरावा, काकींवर, की दोन दिवसांत शरीरशास्त्र वाटणाऱ्या त्या शिबिरवाल्यांवर, हे मला ठरवता आलं नाही. मी सगळ्यांवर धरला आहे. पुरतो.

काकींचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. काकांच्या तक्त्यात हृदय डाव्या तळव्यात आहे. काकींचं हृदय उत्तम चाललं आहे.