डरेसवर यायचं राहिलं

आम्ही पायलट लोक युनिफॉर्म काढायला किती उतावीळ असतो, हे सांगून कुणाला खरं वाटत नाही. विमान लागलं, प्रवासी उतरले, कागद पुरे झाले, की आधी खांद्यावरच्या सोनेरी रेघांच्या पट्ट्या काढून खिशात. मग टाय. मग वरून जाकीट, आणि जाकिटाची चेन थेट गळ्यापर्यंत. नवी पोरं चार दिवस मॉलमध्येसुद्धा तसंच मिरवतात. आम्ही हसतो त्यांना. नव्याचे नऊ दिवस.

कारण विचाराल तर ज्याचं त्याचं वेगळं. कुणी म्हणतं, लोक टकामका बघतात. कुणी म्हणतं, गाडीला उशीर झाल्यासारखं विमानाला उशीर का झाला ते आम्हालाच विचारतात. माझं बाईमाणसाचं आणखी निराळं. एका काकूंनी मला पाणी आणायला सांगितलं. आणलं मी, काय करता? पेट्रोल पंपावर एकानं विचारलं, "मॅडम, कुठल्या सिक्युरिटीत आहात?" घ्या! तेव्हापासून ड्युटी संपली की चेन वर. डोक्याला विचारावंच लागत नाही, हात आपोआप करतो.

पण खरं सांगायचं तर माझा युनिफॉर्मवरचा राग त्याहून जुना आहे. तो परळीचा आहे.

आमचे अण्णा परळीत स्टेशनकडच्या रस्त्याला शिंपी होते. पँट-शर्ट शिवायचे, पण पोट भरायचं ते डरेसवर, म्हणजे युनिफॉर्मवर. शाळेचे डरेस, वॉचमनचे डरेस, लग्नाच्या बँडवाल्यांचे लाल कोट. पांढरं काही शिवलं की त्यावर लगेच जुना पेपर झाकायचे, कारण आमच्याकडं वीज केंद्राची राख उडते आणि पांढरं पांढरं राहत नाही. जून महिन्यात आयाबाया पोरांना घेऊन दुकानात यायच्या आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "वाढत्या अंगाचा शिवा हो." अण्णा टेपनं माप घ्यायचे आणि मनानं दोन इंच वाढवून लिहायचे. आत कापड दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सोडता येईल.

माझा डरेस तर तीन वर्षं पुरेल असा. खांदे कोपराकडं उतरलेले, बाह्या दोन वेळा दुमडलेल्या. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, "बापाचा घालून आलीस का?" शिंप्याची पोरगी आणि गावात सगळ्यात ढगळ डरेस तिचा! मी घरी येऊन दप्तर आपटायची. अण्णा हसायचे. "बाई, अंग वाढतंय तुझं. कापड न्हाई वाढत."

पुढं शिष्यवृत्ती मिळाली, कर्ज मिळालं, नशीबही मिळालं आणि मी पायलट झाले. अण्णांनी माझ्याकडं कधी धोतर मागितलं नाही, सदरा नाही, घड्याळ नाही. एकच मागणं, दर फोनला. "एकदा डरेसवर ये की घरी. मला बघायचंय."

मी म्हणायची, "अण्णा, सुट्टीत कोण घालतं? आमच्यात घालत न्हाईत." आणि ते खरंच होतं. तरी माझ्या मनात काय असायचं ते आता लपवून काय करू? परळीच्या रस्त्यावरून तसं चालत जायची मला लाज वाटायची. "हवाई सुंदरी झाली जणू" असं कुणी म्हणेल, याची चीड आधीच यायची.

एका दिवाळीला गेले तर अण्णांनी दुकानातून पिशवी आणली. वर पेपर, आत पांढरा शर्ट. माझ्या मोबाइलवरच्या फोटोत बघून शिवलेला. कॉलर, खिशाची झाकणं, सगळं बरोबर. खांद्यावरच्या काळ्या पट्ट्यांना बँडवाल्यांच्या कोटाची उरलेली सोनेरी फीत. आणि एकेका पट्टीवर चार चार रेघा.

"हे काय अण्णा? मला तीनच असतात. चार कॅप्टनला."

"ठाव हाय मला. आत्या-मामा सगळ्यांना सांगितलंय मी, तीन म्हणून. पण हुशीलच की कॅप्टन. तवा परत कुठं शिवत बसू? वाढत्या अंगाचा हाय."

माझं डोकंच सणकलं. आमच्यात न मिळालेली रेघ लावणं म्हणजे दुसऱ्याची पदवी आपल्या नावापुढं लावण्यासारखं. पण ते बाजूला. मला तिसरीतला डरेस आठवला. मी ओरडले, "मी काय तिसरीत हाय का? जलमभर तुमच्यापायी ढगळ घातलं. आता तरी माझ्या मापाचं घालू द्या!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णांनी खिशातून ब्लेडचा तुकडा काढला, खाली बसले आणि दोन्ही पट्ट्यांवरची चौथी रेघ एकेक टाका उसवून काढली. सुईच्या भोकांची ओळ तेवढी राहिली. "आता घाल," म्हणाले.

मी नाही घातला. "पुढच्या वेळी खरा कंपनीचाच घालून येते," मी म्हणाले.

"ये. पर सांगून ये. दुकान झाडून ठेवतो."

त्यानंतर मी पाच वेळा तरी घरी गेले असेन. पाचही वेळा जीन्सवर. अण्णा दारात उभे राहायचे, वरपासून खालपर्यंत बघायचे आणि "आलीस?" म्हणायचे.

मग एका सकाळी हैदराबादला विमान उतरवलं, फोन चालू केला, तर भावाचे आठ मिस्ड कॉल. अण्णांचा जुना दमा फार वाढला होता, अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी हॉटेलवर गेलेच नाही. भाड्याची गाडी केली आणि तशीच निघाले. पट्ट्या खिशात, चेन गळ्यापर्यंत. रस्ताभर ड्रायव्हरला म्हणत होते, "दादा, जरा लवकर घ्या."

दुपारी तीनला पोचले. अण्णांच्या तोंडावर मास्क होता, पण शुद्ध होती. मला ओळखलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, नेहमीसारखं. मग जाकिटाची बाही दोन बोटांत धरून चोळली. शिंपी माणूस, मरतानाही कापड बघणार! मला रडता रडता हसू आलं. "गरम हाय का?" मास्कमधून म्हणाले. मी म्हटलं, "हाय, अण्णा. लई गरम हाय."

थोड्या वेळानं त्यांचा हात परत वर आला. माझ्या गळ्यापाशी, चेनीच्या टोकाशी. मला वाटलं, हात धर म्हणतात. मी तो पकडला, दोन्ही हातांत घट्ट धरला आणि कपाळाला लावून बसले. त्यांनी एकदा सोडवायचा प्रयत्न केला. मी नाही सोडला. अर्ध्या तासानं ते गेले.

अण्णांना घरी आणल्यावर बायकांनी मला आंघोळीला मोरीत नेलं. आत्यानं पाणी ओतायच्या आधी जाकिटाची चेन खाली ओढली आणि तिचा हात तिथंच थांबला. आत पांढरा शर्ट. खिशावर पायलटचे सोनेरी पंख.

"आगं माय," आत्या म्हणाली, "तू तर डरेसवर हायस!"

आई मागं उभी होती. ती म्हणाली, "त्येंनी वळखलं आसंल. बूट बघितले की तुझे. काळी पँट बघितली." मग, मला लागावं म्हणून नाही, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "उघडायचं न्हाई का बाई येवढं?"

मी कॅप्टन होऊन दोन वर्षं झाली. आता चार रेघा लावून विमानतळाबाहेर येते, तशीच चहाला जाते, तशीच दुकानात जाते. सोबतचे हसतात. हसू देत. जाकीट मी कुणालातरी देऊन टाकलं. देण्याआधी एकदा चेन वर-खाली करून बघितली. एका बोटानं उघडत होती.