रेल्वेची गोलकीपर

जयराम सरांना कुठलीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय पटत नसे, आणि एकदा मांडून झाली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती हलत नसे. किन्हवलीच्या शाळेत खेळ शिकवणारा हा माणूस रविवार आला की डोळखांबच्या पाड्यांवरच्या बायका-मुलींचा फुटबॉल संघ घेऊन कुठे ना कुठे निघे. सामना बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीला असला तर जीपने आसनगाव आणि तिथून पुढे रेल्वे. वाडा किंवा मुरबाडला असला तर जीपनेच थेट मैदानापर्यंत. रेल्वे बरी की जीप बरी, हा त्यांचा लाडका विषय होता. रेल्वेत पाय मोकळे राहतात, जीपमध्ये आखडतात. जीप आपल्यासाठी थांबते, रेल्वे कुणाच्या बापासाठी थांबत नाही. हे सगळं पोरींनी इतक्यांदा ऐकलं होतं की सरांची पाठ वळली की त्या सरांच्याच आवाजात ते म्हणून दाखवत.

या वर्षी मात्र सरांनी वहीत एक नवीनच तुलना मांडली. रेल्वेने जाऊन खेळलेले नऊ सामने, खाल्लेले गोल चार. जीपने जाऊन खेळलेले नऊ सामने, खाल्लेले गोल एकोणीस. खेळणाऱ्या बायका त्याच, मैदानंही साधारण तशीच. "म्हणजे आपली सावळी ही रेल्वेची गोलकीपर आहे," असं सरांनी सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर जाहीर केलं. सगळ्या खो खो हसल्या. सावळीही हसली, पण वरवर, कारण सरांची तुलना बरोबर होती आणि त्यामागचं कारण फक्त तिला माहीत होतं.

सावळीला गाडी लागायची. जीपमध्ये बसून दहा मिनिटं झाली की तोंडाला पाणी सुटायचं, कानामागे घाम फुटायचा आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला सगळं वर यायचं. आसनगावपर्यंतसुद्धा तेच व्हायचं, पण पुढे रेल्वेत खिडकीशी दीड तास बसलं की पोट जागेवर यायचं आणि मैदानात ती ताजीतवानी उतरायची. मुरबाडच्या रस्त्याला असा दीड तास कुणी देत नव्हतं. जीपमधून उतरायचं आणि दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं.

हे दुखणं लहानपणापासूनचं. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचं तिचं घर दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर निघे. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या आणि माणसं एकत्रच भरलेली असत. सावळी मागच्या फळीला, फाळक्याला धरून सगळ्या रस्त्यावर ओकत जाई. आई तिच्या तोंडात चिंच कोंबे आणि म्हणे, "या पोरीला गावच सोडवत नाय." पुढे आश्रमशाळेत नाव घातलं आणि ट्रक सुटला. शाळेत एका गुरुजींनी चेंडू आणला. सगळ्या पोरी चेंडूमागे धावल्या. सावळी दोन बांबूंच्या मध्ये उभी राहिली आणि आलेला चेंडू तिने असा काही छातीशी धरला की गुरुजींनी शिट्टी वाजवायच्या ऐवजी टाळ्या वाजवल्या. आता तिचं वय बत्तीस. आश्रमशाळेच्याच स्वयंपाकघरात ती कामाला होती. शंभर पोरांच्या भाताचं पातेलं चुलीवरून उतरवणाऱ्या हातांतून चेंडू सहजासहजी निसटत नसे.

आणि या बाईचं लग्न झालं ते जीपवाल्याशी. नवरा सुदाम डोळखांब ते शहापूर जीप चालवायचा. सकाळी उठल्यावर स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तो जीपचं धुवायचा. संघालाही तोच घेऊन जाई. जीपवाल्याच्या बायकोला जीप लागते हे कळलं असतं तर पाड्याला वर्षभर हसायला पुरलं असतं. पण सावळीला हसण्याची भीती नव्हती. सुदामला वाईट वाटेल, ही भीती होती. ज्या गाडीवर हा माणूस एवढा जीव टाकतो तिच्यात बसलं की मला ओकारी येते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने कुणाला दाखवलं नाही. सीटवर पेपर टाकून बसून पाहिलं, आवळा चघळून पाहिला, लिंबू नाकाशी धरून पाहिलं. कशाने म्हणून गुण आला नाही.

तिला तारलं ते देवांनी. डोळखांबच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे. शीव ओलांडणाऱ्याने उतरून दगडावर हिरवा पाला ठेवायचा, हा रिवाज. जीप थांबली की सावळी सगळ्यांच्या आधी टुणकन उडी मारायची, पाला तोडायच्या निमित्ताने झुडपांमागे जायची आणि पोट मोकळं करून, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरून परत यायची. हळूहळू मुरबाडच्या रस्त्यावर आणखी तीन ठिकाणी शेंदूर लावलेले दगड दिसायला लागले. सुदाम तिथेही थांबायचा आणि सावळी तिथेही उतरायची. तिची ही भक्ती बघून संघातल्या पोरींनी तिचं नाव भगतीण ठेवलं होतं. सावळीला या नावाची लाज वाटे. देवाच्या मागे जाऊन आपण काय करतो ते देवाला तर दिसतंच आहे, असं तिच्या मनात येई, आणि दर वेळी ती पाला जरा जास्तच ठेवी.

तर अशा या भगतिणीला सरांनी बुधवारी सरावानंतर बाजूला बोलावलं. रविवारी मुरबाडला अंतिम सामना होता. इथवर हा संघ कधी पोचला नव्हता.

"सावळे, मुरबाडला काय रेल्वे जात नाही," सर म्हणाले. त्यांनाही बोलायला जड जात होतं. "रविवारी हेतल उभी राहील. तू बाकावर थांब."

हेतल किन्हवलीची, कॉलेजात जाणारी, अठरा वर्षांची उंच पोरगी. हात लांब, उडी छान. वाईट असं तिच्यात काही नव्हतं आणि तेच सावळीला जास्त लागलं. अंतिम सामन्याला बाहेर बसवलेल्या बत्तीस वर्षांच्या बाईला पुढच्या वर्षी कोण आत घेतो? सावळी "बरं सर" एवढंच म्हणाली. घरी जाऊन तिने भाकऱ्या थापल्या, आणि थापता थापता ती रडली.

रविवारी सकाळी सुदाम जीपची काच पुसत होता. ती चहाचा पेला घेऊन गेली.

"आज मी बाकावर हाय. सरांनी हेतलला घेतलंय," ती म्हणाली.

"माझ्यापायी झालं ते." सुदामचं फडकं फिरतच होतं.

"तुझ्यापायी कसं रे?"

"माझ्या गाडीत तुला लागतं म्हणून."

सावळीने पुढे केलेला पेला मागे घेतला. "तुला कोणी सांगलं?"

"लग्नाच्या दिवशीच कळलं. नवरीनं पयल्याच वळणाला तोंड फिरवलं. तू बोलली नाय, मंग मी पण नाय बोललो."

"अकरा वर्षं?"

"मंग काय करू? नुसती गाडी थांबवली तर लोक विचारणार, का थांबलास? देवाला थांबवली तर कोण विचारतंय?" त्याने फडकं पिळलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "शिवेवरचा वाघोबा तेवढा वाडवडलांचा गो. बाकीचे तीन मी मांडले. नदीतले गोटे हायत. तुला जिथं जिथं होतं, तिथं तिथं बसवले."

सावळीला आधी राग आला. "अरे, लोक नारळ फोडतात तिथं!"

"हां ना," सुदाम ओशाळून म्हणाला. "आता तर दुसऱ्या जीपापण थांबतात. मी पण हात जोडतो. इतकी वर्षं तुला सांभाळलं त्यांनी."

अकरा वर्षं आपण नवऱ्याला जपतोय असं तिला वाटत होतं, आणि तो तिला जपत बसला होता. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी एवढे देव लागले नसते. तिने पेला त्याच्या हातात दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

किन्हवलीपर्यंत ठीक झालं. वाघोबाला थांबले, पुढच्या दोन देवांना थांबले. किन्हवलीला जयराम सर पुढे बसले, हेतल मागे सावळीच्या शेजारी आली, आणि सरांनी हुकूम सोडला, "आता कुठे थांबायचं नाही. देवाला बसल्या जागेवरून हात जोडा. उशीर नको."

भात कापून झालेली शेतं मागे पळत होती. सावळी दात आवळून बसली. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष हेतलकडे गेलं. हेतलच्या मांडीवर नवेकोरे हातमोजे होते आणि ती एकटक समोर बघत होती. वरच्या ओठावर घाम, दर थोड्या वेळाने गिळलेला आवंढा, तळव्यात रुतवलेला अंगठा. ही लक्षणं सावळीइतकी कोण ओळखणार?

आता हिने असंच गप्प बसावं, सावळीच्या मनात आलं. आणखी थोडा वेळ. मग ही मैदानात पाय टाकायच्या लायकीची राहणार नाही आणि सरांना दुसरं कोण आहे? आपली जागा आपल्याकडे चालत येईल. विचार आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. ट्रकच्या फाळक्याला धरून बसलेल्या त्या पोरीला तेव्हा कुणी म्हटलं असतं, थांबवा रे जरा, तर किती बरं वाटलं असतं.

मुरबाड चारेक किलोमीटर राहिलं होतं. शेवटचा देव आला. सुदामने वेग कमी केला.

"चल, चल," सर म्हणाले.

सुदामने आरशातून मागे बघितलं. त्या नजरेत विचारणा होती, आणि सांगायचं की नाही ते सर्वस्वी तिच्यावर होतं.

"थांबव," सावळी मोठ्याने म्हणाली. "मला गाडी लागते."

जीप थांबली. सर मागे वळले. "आज बरं नाही का तुला?"

"आजच नाय सर. रोज लागते. पयल्यापासून." तिने हेतलचा दंड धरला. "चल गो. खाली उतर."

दोघी सागाच्या झाडांमागे गेल्या. हेतल पोटातलं सगळं ओकली आणि मग रडायलाच लागली. "मला वाटलं, मला एकटीलाच होतं ताई." सावळी तिची पाठ चोळत होती तेवढ्यात पाचोळा वाजला. बचाव फळीतली मीना पदर तोंडाला लावून येत होती. तिच्या मागून प्रेमा. तिच्या मागून आणखी दोघी. आजवर पाला तोडायला म्हणून लगबगीने उतरणाऱ्या सगळ्या भाविकांची ही रांग होती.

सर रस्त्यावर उभे राहून बघत होते. त्यांनी बोटांवर मोजलं. सहा. जवळजवळ अर्धा संघ.

"अगं, पण कुणी बोललं का नाही?"

"सुदामदादाला वाईट वाटलं असतं ना," मीना चूळ भरून म्हणाली.

सुदाम पाण्याचा कॅन घेऊन गुन्हेगारासारखा उभा होता. सरांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "सामना अकराला आहे. गाडी पिशव्या घेऊन पुढे जाऊ दे. आपण चालत जाऊ."

चालणं या बायकांना काय नवीन? बांधावरची पायवाट धरून त्या निघाल्या. वारा होता. कुणीतरी सरांच्या आवाजात रेल्वे आणि जीपचं पुराण सुरू केलं, आज त्यांच्या तोंडावरच, आणि सरही हसले. मैदान दिसेपर्यंत हेतलच्या तोंडावर रंग आला. पोरगी उड्या मारायला लागली. अठराव्या वर्षी पोट लवकर विसरतं. सावळीचं अजून ढवळत होतं.

मैदानाच्या कडेला सर दोघींसमोर येऊन उभे राहिले. एका हातमोज्यात हात घातलेली हेतल म्हणाली, "मी ठणठणीत आहे सर."

"आणि तू?" सरांनी सावळीला विचारलं. "खरं सांग."

बरी आहे, असं म्हणायला सावळीचं तोंड उघडलंही होतं. संघात आल्यापासून नऊ वर्षं ती या प्रश्नाला हेच उत्तर देत आली होती.

"नाय सर, बरं नाय वाटत," ती म्हणाली. "पोट ढवळतंय. पण उभी मीच राहीन. ते एकोणीस गोल खाल्ले ना, तवा अर्धा जीव चेंडूत होता नि अर्धा लपवण्यात. कोणाला दिसतंय का, कोणी बघतंय का, हेच. आज लपवायचं काय उरलं नाय. आज मला नुसता चेंडू बघायचाय."

सरांनी हेतलकडे बघितलं, मग सावळीकडे. त्यांच्या वहीत असलं काही कधी मांडलेलं नव्हतं, तरी त्यांनी मान डोलावली. हेतलने हातमोजा काढला आणि ती बाकावर जाऊन बसली. सावळीने पिशवीतून आपले जुने हातमोजे काढले, सगळ्यांच्या देखत एकदा पोट दाबून धरलं, आणि ती दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.