भुऱ्या चावरा नव्हता

आजवर हे माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आईपुढं नाही, अप्पांपुढं तर नाहीच, लातूरला एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणींपुढंही नाही — आणि त्यांना तर मी काय काय सांगितलेलं आहे! तुम्ही समोर बसलात, चहा अजून संपायचाय, म्हणून सांगते. पण एक आधीच बजावून ठेवते. मला समजून घ्यायला जाऊ नका, आणि "बिचारी" तर अजिबात म्हणायचं नाही. मी बिचारी नाही. तेव्हाही नव्हते.

आमच्याकडं कुत्रा होता. नांदेडला, आमच्या गल्लीतच सापडलेला, मातकट रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. भुऱ्या. अप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आईला घरात कुत्रं नको होतं, पण मी हट्टाला पेटले की आमच्या घरात कुणाचं चालत नाही — निदान तेव्हापर्यंत तरी माझा तसा समज होता. पिल्लू लई खेळकर. मिळेल ती वस्तू तोंडात धरायची आणि पलंगाखाली पळायचं. आई झाडू घेऊन मागं, हा पुढं, आणि त्याला वाटायचं काय मज्जा चाललीय!

मग मीच त्याला शिकवायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं मला, बघून बघून कळत गेलं. मागं धावायचं नाही, धावलं की तो जिंकला. ओढायचं तर मुळीच नाही. ओढलं की त्याला तो खेळ वाटतो, तो जास्त जोरानं धरतो आणि वर गुरगुरतो. ते गुरगुरणं रागाचं नसतं हो, खुशीचं असतं. शेपूट बघायची, शेपूट खोटं बोलत नाही. शेजारच्या नसीमखाला शिलाईकाम करायच्या, त्यांच्याकडच्या कातरणांचा मी एक चेंडू बांधला होता. तो फेकायचा. भुऱ्यानं आणला की भाकरीचा पापुद्रा नाकाजवळ धरायचा. तोंड उघडलं की नेमकं त्याच वेळी म्हणायचं — दे. आणि चेंडू हातात पडला रे पडला की लगेच परत फेकायचा. ही खरी गोम. दिलेलं आपल्याला परत मिळतं, हे एकदा त्याच्या डोक्यात शिरलं, आणि मग तो गुमान द्यायला लागला.

फक्त मला, बरं का. दुसऱ्या कुणी "दे" म्हटलं तर हा ढिम्म. आई अंगणातून ओरडायची, "ये गं बाई, तुझ्या लाडक्यानं माझा पदर धरलाय, सांग त्याला!" मी आतूनच म्हणायची, दे. सुटला पदर. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! वर्गात पहिली आले तेव्हाही एवढा वाटला नव्हता.

एक चूक मात्र केली. चेंडू फाटला की हाताशी काय? अप्पांची झिजलेली चप्पल. तीच फेकायला लागले. आपल्याकडं जुन्या चपलेला दुसरा उपयोग काय असतो? पण कुत्र्याला जुनं-नवं काय कळतंय? त्याच्या लेखी दाराबाहेर काढून ठेवलेलं प्रत्येक पायताण म्हणजे खेळणं झालं.

आणि आमच्याकडं पाहुणे पायताणं दाराबाहेरच काढतात.

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष संपलं आणि देगलूरचं स्थळ आलं. खताचं दुकान, शेती, एकुलता एक. मुलगा वाईट नव्हता, हेही कबूल करते. लाजरा होता, बशीतला चिवडा एकेक दाणा करून खात होता. पण त्याची आई बसल्या बसल्या म्हणाली, "शिकून झालं तेवढं लई झालं, आता दुकानाचा हिशेब बघंल." आणि अप्पांनी मान हलवली. मला लातूरला एम.एस्सी. करायची होती, हे अप्पांना चांगलं ठाऊक होतं. तरी हलवली मान. मी समोर पाटावर बसलेली, साडीत, पदर डोक्यावर. आईनं सकाळपासून घोकून घेतलं होतं — विचारल्याशिवाय बोलायचं नाही, मान वर करायची नाही. आणि मला कुणी काही विचारतच नव्हतं.

तेवढ्यात भुऱ्या आत आला. तोंडात मुलाच्या मामांची सँडल. नवी कोरी, पितळी बकलाची. थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि माझ्याकडं बघायला लागला. शेपूट अशी हलत होती की विचारू नका.

एका शब्दाचं काम होतं. त्यानं सँडल माझ्या हातात दिली असती, सगळे हसले असते, "पोरीनं कुत्र्यालासुद्धा वळण लावलंय" म्हणून माझं कौतुक झालं असतं, आणि पुढच्या महिन्यात मी देगलूरला गेले असते.

मी मान खाली घातली. गप्प.

मामा उठले आणि नेमकं करू नये तेच केलं — सँडल ओढली. भुऱ्याला तर आनंदाचं भरतं आलं! तो ओढतोय, मामा ओढतायत, हा गुरगुरतोय, आई "सोड की रं मेल्या" म्हणून ओरडतीय. मी पाटावर. मामांनी हिसडा दिला, बकल त्यांच्या बोटात घुसलं आणि रक्त आलं. "चावला, चावला!" एकच गलका झाला. बोटात घुसलं ते बकल. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. भुऱ्याचा दात त्या बोटाला लागलासुद्धा नाही.

मुलगी बघायच्या बैठकीत रक्त निघालं. आता यावर कुणी काय बोलायचं? मुलाची आई उठली, चिवड्याच्या बशा तशाच राहिल्या, जीप गेली. संध्याकाळी फोन आला, योग न्हाई म्हणून. आणि जाता जाता माझ्याबद्दल काय म्हणाले होते, माहितंय? पोरगी मात्र शालीन हाय, एवढा तमाशा झाला पण तोंडातून शब्द न्हाई काढला.

याचं मला वाईट वाटतं का? नाही. साफ नाही. घरच्यांनीच घोकून घेतलं होतं ना, विचारल्याशिवाय बोलायचं नाही? नाही बोलले. त्या गप्प बसण्यावर मी एम.एस्सी. झाले, आज लातुरात क्लासमध्ये पोरांना जीवशास्त्र शिकवते, माझ्या पगाराच्या स्कूटीवर फिरते. पुन्हा तोच पाट, तीच साडी आणि तीच सँडल समोर आली, तर पुन्हा गप्प बसेन. याला कुणी गुन्हा म्हणत असेल तर खुशाल म्हणा.

पण भुऱ्या चावरा ठरला. गल्लीत लहान लेकरं, उद्या कुणाला फोडलं तर? आईनं घर डोक्यावर घेतलं. अप्पांच्या ओळखीचे गोविंदराव मुखेडकडं शेती करायचे, त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं. चावरं असेल तर उलट बरंच. नसीमखाला एकट्याच मधे पडल्या. आईला म्हणाल्या, "उनें कब्बी काटता नै, भाभी. खेलरा था उनें." मग माझ्याकडं वळल्या. "बोल ना बेटी. तू तर तिथंच होतीस." मी म्हटलं, मला दिसलं नाही, मान खाली होती माझी. खाला वळल्या आणि आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. त्या काय समजायचं ते समजल्या असणार.

तर आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एका कुत्र्याला शेतावर पाठवलं, त्यात काय मोठं? अहो, एवढंच असतं तर मी कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं. माझं लग्न कुत्र्यानं मोडलं — काय भारी किस्सा आहे! मैत्रिणी लोळून हसल्या असत्या.

थांबा. सांगते.

त्या हिवाळ्यात मी लातूरहून सुट्टीला आले होते. अप्पा म्हणाले, चल, गोविंदरावांनी हुरड्याला बोलावलंय. गेले. शेतात आगटी पेटलेली, गडी कणसं भाजत होते, अप्पा तळहातावर हुरडा चोळत बसले होते. आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी, खांबाला, साखळीत — भुऱ्या. वाळला होता. गळ्याभोवतीचे केस गेले होते, साखळी पोचेल तेवढ्या अंतरात जमिनीवर गोल पडला होता, त्या गोलात गवताची काडी नव्हती. गोविंदराव म्हणाले, चावरं म्हणून सांगितलं होतं ना अप्पांनी, म्हणून आल्यापासून सोडलेलंच न्हाई.

त्यानं मला ओळखलं. उड्या मारल्या, पण लगेच खाली उतरला आणि जमीन हुंगायला लागला. काहीतरी शोधत होता. मला कळेना काय शोधतोय. मग ज्वारीचं एक वाळकं धाट सापडलं त्याला, ते तोंडात धरून साखळी ताणून उभा राहिला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी तळहात पुढं केला. दे, म्हटलं. त्यानं धाट माझ्या हातावर ठेवलं.

गोविंदराव बघतच राहिले. म्हणाले, "आरं तिच्या! ताई, एक खरं सांगा. ह्यो खरंच चावला व्हता का? आमाला तर आजपातूर दात न्हाई दावला. चावत नसंल तर सोडतो की, मोकळा फिरंल शेतात."

अप्पांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना "नाही" ऐकायचं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं, आत्ताही कळतंय. पण नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग त्या दिवशी का नाही बोललीस? आणि एम.एस्सी.चं अजून दीड वर्ष बाकी होतं, तेही अप्पांच्याच पैशांवर. या वेळी कुणी मला गप्प बस म्हटलं नव्हतं. उलट विचारलं होतं.

मी म्हटलं, "हाव. चावला व्हता."

अप्पा पुन्हा हुरडा चोळायला लागले. गोविंदरावांनी उठून साखळीची कडी नीट बसलीय का ते बघितलं. भुऱ्या अजून माझ्या हाताकडं बघत होता. धाट माझ्याकडं होतं, आणि ते मी परत फेकायचं होतं, तशीच त्याला सवय होती. मी ते आगटीत टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी फोनवर सांगितलं, भुऱ्या गेला. साखळीतच गेला. मी म्हटलं, बरं.