अमरावती रोडवरची कमान

आज नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडवर, कुण्या पुढाऱ्यासाठी स्वागताची कमान बांधताहेत. झेंडूचा वास आला आणि आमच्या वस्तीतला नामदेव आठवला.

तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा अमरावतीहून नागपुरात येत होता. सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत नामदेव पहिला होता, पण अगदी थोडक्यात. बक्षीस द्यायला मंत्री येणार, म्हणून शेवटच्या रेषेच्या बरंच अलीकडे त्यांच्या स्वागताची फुलांची कमान उभी केली होती. नामदेवला वाटलं, इथंच शर्यत संपली. कमानीखाली त्यानं दोन्ही हात वर केले, पॅडल मारणं सोडलं.

"काहून थांबला गा? थे मंत्र्याचं हाये, पुढं पळ!" आम्ही ओरडलो. तोवर मागचे दोघं पुढं निघून गेले होते.

शर्यत गेली. मंत्री तर आलेच नाहीत. मी त्यांच्या नावानं संतापानं बोलत सुटलो, तर नामदेव घाम पुसत म्हणाला, "मले वाटलं, फुलं आपल्यासाठी हायेत."

राग अजून आहे. पण आता आधी आठवतो तो कमानीखालचा त्याचा चेहरा. तेवढ्यापुरता तो जिंकला होता, आणि फुलं त्याचीच होती.