टीव्हीतल्या गरिबांची कैवारी

माझ्या मावशीइतकी गरिबांची कैवारी अख्ख्या वसईत शोधून सापडली नसती. अट एवढीच, गरीब टीव्हीतला हवा. तेव्हा दर मंगळवारी संध्याकाळी जुन्या काळातली एक मालिका लागायची. इनामदाराच्या मुलीचं त्याच्याच कचेरीतल्या कारकुनावर प्रेम, आणि इनामदार आडवा. मावशी खुर्ची पुढं ओढून बसायची आणि त्या इनामदाराला असं काही झापायची की वाटे, हा आता पडद्यातून उतरून माफी मागणार. एकदा तर हातातली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, तिनं त्याच्या तोंडावर फेकली. शाळेत तीस वर्षं पोरांना खडू फेकून मारलेले, त्यामुळे नेम अचूक. कारकुनाला चाबूक बसला त्या मंगळवारी ती जेवली नाही. पोराचे गुण बघ रे मेल्या, असं इनामदाराला सुनावत रडत बसली.

आणि मी सांगितलं, मला वालीवच्या कारखान्यात लेथचं यंत्र चालवणाऱ्या मुलाशी लग्न करायचंय, तेव्हा हीच बाई म्हणाली, त्याच्या नखांत ग्रीस असतं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. आई गेल्यावर जिनं मला लहानाची मोठी केली, तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. मी चिडून विचारलं, मग त्या कारकुनासाठी कशाला गळा काढतेस? तर म्हणे, त्याचं अक्षर चांगलं आहे. घ्या! आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही, आणि ती त्या आठही दिवसांत एकटीच दोघींच्या वाटचं भांडली.

तरी मी लग्न ठरवलंच. आमच्याकडे ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. दोन रविवार ती गप्प होती. तिसऱ्या रविवारी भर चर्चमध्ये उभी राहिली. फादर तिचेच विद्यार्थी. त्यांनी चाचरत कारण विचारलं.

"मुलगा लेथवर काम करतो," ती म्हणाली.

फादर हळूच म्हणाले, "बाई, चर्चच्या लेखी तो अडथळा नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. ती खाली बसली. खरं तर हसायचा पहिला हक्क माझा होता, इतका तिनं माझा जीव खाल्ला होता. पण तिनं मांडीवरचं प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरलं होतं, आणि शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या होत्या. त्या बायकांचाही मला राग आला. मी उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. ती पुस्तकातून नजर न काढता म्हणाली, "तू गेलीस की मी भांडू कुणाशी गं?"